काखेत कळसा, आकाशाला वळसा



मागे काही दिवस आपल्या केंद्राच्या ध्वनिमुद्रणात एक विचित्र आवाज येत होता. बोलणं नीट चाललेलं असायचं आणि मध्येच टक्-टक्-टक्, घर्रर्र. आम्ही वायरी बदलल्या. विजेच्या कमी-जास्त दाबावर खापर फोडलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेतला आणि गिरणीवाल्या काकांना विचारूनही आलो. शेवटी कळलं, की मायक्रोफोनच्या वायरीजवळ ठेवलेल्या पिशवीत आमचाच मोबाईल होता. फोन येण्याआधी तो टॉवरशी बोलायचा आणि ते बोलणं आमच्या वायरीत उतरायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ही फजिती सांगायचं कारण असं, की अगदी असाच प्रकार जगातल्या एका नामांकित रेडिओ दुर्बिणीवर घडला होता. तिथे प्रश्न मात्र मोठा होता. दूरच्या दीर्घिकांमधून येणारे काही क्षणिक रेडिओ स्फोट खरे की खोटे, हेच त्यावर अवलंबून होतं. इंग्रजीत त्यांना ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ म्हणतात. आजच्या बोलण्यात या स्फोटांच्या शोधाचा इतिहास सांगायचा आहे. तो विद्यार्थ्यांचा आहे, बायकांचा आहे आणि थोडासा स्वयंपाकघराचाही आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपलं केंद्र ज्या लहरींवरून तुमच्या घरात येतं, त्याच जातकुळीतल्या लहरी आकाशातूनही येतात. तारे, वायूचे ढग, दूरच्या दीर्घिका या सगळ्यांकडून त्या येत असतात, पण फार क्षीण. त्या टिपायला मोठाल्या तबकड्या लागतात. त्यांनाच रेडिओ दुर्बीण म्हणतात. आकाशातल्या कुजबुजीपुढे माणसाच्या वस्तीतली साधी उपकरणंही आरडाओरडा करत असतात. म्हणून या दुर्बिणींवर काम करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून एक सवय लागते. काही नवं दिसलं, की आधी विचारायचं : हे आपल्यातलंच कुणी तर नाही?

१९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने हेच विचारलं होतं. तिच्या दुर्बिणीच्या नोंदी कागदाच्या लांब पट्टीवर उमटायच्या, रोज सुमारे ३० मीटर. ती सगळी पट्टी ती डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला एक बारीकशी खरखर दिसली. ती वस्तीतल्या गोंगाटासारखी नव्हती आणि नेहमीच्या ताऱ्यासारखीही नव्हती. तिने पिच्छा सोडला नाही, आणि त्यातून पल्सार सापडले. पल्सार म्हणजे मोठा तारा मेल्यावर मागे उरलेला, गरगर फिरणारा, अतिशय घट्ट गोळा. १९७४ साली या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना. तिचं नाव त्यात नव्हतं. २०१८ साली मात्र तिला ३० लाख डॉलरचा मोठा पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम तिने अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिली, ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा जागा मिळत नाही.

आपल्या आजच्या गोष्टीला सुरुवात होते ती पल्सार शोधणाऱ्यांकडूनच. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्यात पार्क्स नावाचं गाव आहे. गावाबाहेर, मेंढरांच्या कुरणांमध्ये ६४ मीटर व्यासाची तबकडी उभी आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्याची चित्रं जगाला दाखवण्यात या तबकडीचा मोठा वाटा होता. २००१ साली तिने पल्सारच्या शोधात आकाशाचा एक भाग पाहून ठेवला होता. त्या नोंदी फितींवर जपून ठेवल्या गेल्या.

सहा वर्षांनी, २००७ साली, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डंकन लॉरिमर या प्राध्यापकांनी डेव्हिड नार्केविक या पदवीच्या विद्यार्थ्याला त्या जुन्या नोंदी पुन्हा चाळायला दिल्या. पल्सार पुन्हा पुन्हा ठोके देतो. यावेळी मात्र एकच ठोका देऊन गप्प होणारं काही आहे का, ते बघायचं होतं. मॉरा मॅक्लॉक्लिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्याच वर्षी अशा पद्धतीने एक वेगळ्या जातीचे तारे शोधून काढले होते. नार्केविकला जुलै २००१ मधल्या नोंदीत एक ठोका सापडला. पाच हजारांश सेकंदांहूनही कमी वेळाचा, पण अतिशय जोरदार. नंतर कितीतरी तास त्याच जागेकडे पाहिलं, पण पुन्हा काही आलं नाही.

तो ठोका दुरून आला हे कसं कळलं? त्यासाठी आपण वारीचं उदाहरण घेऊ. आळंदीहून दिंडी निघते तेव्हा तरणी पोरं आणि म्हाताऱ्या आज्या एकाच वेळी पाऊल उचलतात. पहिल्या कोसावर दोघांत फारसं अंतर नसतं. पण जसजसा रस्ता लांबतो, तसतशी पोरं पुढे जातात आणि आज्या मागे राहतात. कुणी मुक्कामाला बसून नुसतं मोजलं, की पहिला वारकरी कधी आला आणि शेवटची आजी कधी आली, तर दिंडी किती चालून आली याचा अंदाज बांधता येईल. रेडिओ लहरींचं तसंच आहे. अवकाश अगदी रिकामं नाही. त्यात इलेक्ट्रॉन विखुरलेले आहेत. त्यांच्यातून येताना जास्त कंपनसंख्येच्या लहरी आधी पोचतात आणि कमी कंपनसंख्येच्या मागून येतात. जितका मागेपुढेपणा जास्त, तितके वाटेत इलेक्ट्रॉन जास्त. लॉरिमर यांच्या ठोक्यातला मागेपुढेपणा आपल्या आकाशगंगेतून येताना व्हायला हवा त्याच्या दहापटींहून अधिक होता. म्हणजे तो आकाशगंगेच्या बाहेरून, अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आला असणार. एवढ्या दुरून येऊन तो इतका तेजस्वी दिसत असेल, तर सूर्य काही दिवसांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी त्याने एका निमिषात टाकली असणार.

असं काही आकाशात आहे हेच तोवर कुणाला माहीत नव्हतं. म्हणून पुढचा प्रश्न येणारच होता : हे खरं आहे का?

२०११ साली सेरा बर्क-स्पोलाओर या तरुण संशोधिकेने पार्क्सच्याच जुन्या नोंदी तपासल्या आणि लॉरिमर यांच्या ठोक्यासारखे दिसणारे १६ ठोके शोधून काढले. त्यांच्यातही लहरी मागेपुढे आल्या होत्या. पण एक फरक होता. पार्क्सच्या तबकडीला तेव्हा १३ डोळे होते म्हणा ना, आणि प्रत्येक डोळा आकाशाचा वेगळा तुकडा पाहायचा. आकाशातली एखादी वस्तू त्यातल्या मोजक्याच डोळ्यांना दिसते. हे १६ ठोके मात्र तेराही डोळ्यांना एकदम दिसले होते. म्हणजे ते आकाशातले नव्हते, जमिनीवरून कुठूनतरी येऊन तबकडीत शिरत होते. या ठोक्यांना ‘पेरिटॉन’ असं नाव मिळालं. पेरिटॉन हा एक काल्पनिक प्राणी आहे. अंग पंख असलेल्या हरणाचं, पण सावली पडते ती माणसाची. नाव अगदी चपखल होतं.

पण यामुळे लॉरिमर यांचा शोध अडचणीत आला. पेरिटॉन जर पार्क्सच्या आवारातले असतील, तर २००१ चा ठोकाही तसाच नसेल कशावरून? तोवर असा ठोका दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीवर आलेला नव्हता. विश्वास ठेवणारे थोडे उरले. २०१३ साली पार्क्सवरच आणखी चार खऱ्यासारखे ठोके सापडले, आणि २०१४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवरचा एक ठोका प्रसिद्ध झाला. तरी संशयाचं भूत पार्क्सच्या मानगुटीवरून उतरेना. पेरिटॉन नेमके कुठून येतात ते सांगता येईपर्यंत उतरणारही नव्हतं.

ते भूत उतरवलं एमिली पेट्रॉफ या पीएच. डी. करणाऱ्या मुलीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी. आवारातल्या रेडिओ गोंगाटावर सतत नजर ठेवणारं एक नवं यंत्र पार्क्सला बसवलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये एकाच आठवड्यात तीन पेरिटॉन आले. यंत्राच्या नोंदी पाहिल्या, तर प्रत्येक वेळी नेमक्या त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास एक ठळक खूण होती. ही कंपनसंख्या म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनचा ठरलेला पत्ता. जुने पेरिटॉनही माणसांच्या जेवणाखाण्याच्या वेळांभोवतीच जास्त होते.

पण नुसत्या संशयावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. त्यांनी आवारातल्या ओव्हनमध्ये पाणी भरलेला मग ठेवला, तबकडी निरनिराळ्या दिशांना वळवली आणि ओव्हन चालू केला. पाणी तापलं, ओव्हन वेळेवर बंद झाला, पेरिटॉन काही आला नाही. मग मार्चमध्ये त्यांनी आपण सगळ्याजणी जे करतो ते केलं. टिंग वाजायची वाट न बघता मध्येच दार ओढलं. आणि पेरिटॉन हजर! दार उघडताच आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, झटक्यात बंद पडतो. त्या बंद पडण्याच्या क्षणी दुर्बीण ऐकत असते त्या कंपनसंख्येची एक लहर तो बाहेर फेकतो, आणि ती उघड्या दारातून निसटते. तबकडी त्या बाजूला योग्य कोनात वळलेली असेल, तर ती तिच्यात शिरते. १९९८ पासूनच्या नोंदींत सापडणारं हे कोडं डबा गरम करायच्या घाईतून जन्मलेलं होतं.

वर्तमानपत्रांनी ही बातमी हसत हसत छापली. शास्त्रज्ञांना आकाशातला संदेश वाटला आणि निघाला स्वयंपाकघरातला ओव्हन, अशा थाटात. आम्हीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. नंतर लक्षात आलं, की हसणाऱ्यांनी बातमी अर्धीच वाचली होती. पेट्रॉफ आणि मंडळींनी दुसरी बाजूही तपासली होती. खरे स्फोट मोजक्याच डोळ्यांना दिसतात. त्यांना जेवणाच्या वेळा नसतात. त्यांच्यातला मागेपुढेपणा इलेक्ट्रॉनच्या नियमाला बिनचूक धरून असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. पेरिटॉन या कसोट्यांवर घसरले आणि लॉरिमर यांचा ठोका टिकला. खोटे वेचून बाजूला काढले, म्हणून खऱ्यांवर विश्वास ठेवता आला. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतो, तेव्हा आपणही तांदूळच वाचवत असतो.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. अरेसिबोचा जो ठोका होता, २०१२ साली आलेला, त्याच्याच जागेवरून आणखी दहा ठोके आल्याचं लॉरा स्पिटलर आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीर केलं. हे फार महत्त्वाचं होतं. तोवर कित्येकांना वाटायचं, की दोन ताऱ्यांची टक्कर होऊन सगळं संपत असेल, आणि हा त्याचा शेवटचा टाहो असेल. पण जो पुन्हा पुन्हा बोलतो तो मेलेला नसतो. या स्फोटामागे काहीतरी टिकून राहिलेलं होतं.

पुन्हा बोलणाऱ्याचा पत्ता शोधता येतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावर २७ तबकड्यांची एक दुर्बीण आहे. शमी चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सहा महिन्यांत ८३ तास त्या जागेवर नजर ठेवली. नऊ स्फोट हाती लागले आणि अचूक जागा मिळाली. मग हवाईतल्या जेमिनी या मोठ्या दुर्बिणीने तिथे पाहिलं, तर एक अगदी छोटी, फिकट दीर्घिका दिसली. सुमारे ३ अब्ज प्रकाशवर्षांवरची. जानेवारी २०१७ मध्ये तिच्यावरचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्याचे पहिले लेखक होते श्रीहर्ष तेंडुलकर. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले तेंडुलकर तेव्हा कॅनडात काम करत होते, आणि पुढे ते मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांत परत आले. दूरच्या दीर्घिकेतल्या अशा स्फोटाचं घर नेमकं सापडण्याची ही पहिली वेळ.

कॅनडातच २०१८ मध्ये चाइम ही वेगळ्या घडणीची दुर्बीण हे स्फोट टिपू लागली. तिला तबकडी नाही. शंभर मीटर लांबीच्या चार मोठ्या पन्हळी शेजारी शेजारी ठेवाव्यात तशी ती दिसते. ती हलत नाही. पृथ्वी फिरते आणि आकाश तिच्यावरून सरकत जातं. तिथल्या स्फोटांच्या शोधाचं नेतृत्व व्हिक्टोरिया कास्पी यांनी केलं. पहिल्या वर्षभरातच तिने पाचशेहून अधिक स्फोट टिपले. त्यातला एक फारच शिस्तीचा निघाला. सुमारे १६ दिवसांचं त्याचं चक्र, त्यात चारेक दिवस बोलायचं आणि बाकी दिवस गप्प.

या शिस्तीच्या स्फोटाशी आपलंही नातं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तबकडीला पत्र्याऐवजी तारांची जाळी लावल्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले. २०२० साली या दुर्बिणीने त्या शिस्तीच्या ठिकाणाहून आलेले १५ स्फोट टिपले. विज्ञान दिनाला आम्ही काहीजणी तिथे गेलो होतो. तबकड्यांकडे जाताना मोबाईल बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा आमची आमच्याकडे बघून हसाहस झाली.

आता मूळ प्रश्न : हे स्फोट करतं कोण? मोठा संशय होता मॅग्नेटारवर. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा, एखाद्या शहराएवढा गोळा. वीसेक किलोमीटर रुंदीचा, पण चुंबकत्व पृथ्वीच्या मानाने एकावर चौदा-पंधरा शून्यं मांडावीत इतक्या पटींनी जास्त. असे तारे खरोखर आहेत हे १९९८ साली क्रिसा कुव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. पण स्फोट त्यांचेच, याला पुरावा नव्हता.

तो मिळाला २८ एप्रिल २०२० ला. आपल्याच आकाशगंगेतल्या, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांवरच्या एका मॅग्नेटारमधून जोरदार रेडिओ स्फोट आला. त्याच वेळी अवकाशातल्या उपग्रहांना त्यातून क्ष-किरणही आलेले दिसले. चाइमने तो टिपला. आणखी एकाने टिपला, त्याची गंमत ऐका. अमेरिकेतला ख्रिस्तोफर बोचेनेक हा विद्यार्थी आणि त्याच्या सोबत्यांनी तीन ठिकाणी छोटे अँटेना लावून ठेवले होते. बादलीएवढे. सहा इंची धातूचा नळ, आणि त्याच्याभोवती केक भाजायची दोन भांडी! मोठ्या दुर्बिणी आकाशाचा इवलासा तुकडा पाहतात. हे छोटे अँटेना एका वेळी फार मोठं आकाश पाहायचे, आणि जवळून काही मोठं घडलं तर ते त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. तसंच झालं. ओव्हनने ज्यांना फसवलं होतं, त्यांना साक्ष द्यायला केकची भांडी उपयोगी पडली.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. असे मॅग्नेटार साधारणपणे तरुण असतात, नुकत्याच मेलेल्या मोठ्या ताऱ्यांमधून झालेले. पण एम-८१ या सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेजवळ, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या एका गोल गुच्छात एक स्फोट करणारा सापडला. २०२५ मध्ये आणखी एक प्रसिद्ध झाला, तोही ११ अब्ज वर्षांहून म्हाताऱ्या दीर्घिकेच्या अगदी काठावरचा. जिथे तरुण तारे नाहीत तिथे तरुण मॅग्नेटार आला कुठून? कदाचित दोन जुने मृत तारे एकत्र येऊनही तो जन्मत असेल. कदाचित स्फोट करणारे एकाहून अधिक जातींचे असतील. शोध चालू आहे.

तोवर या स्फोटांनी एक वेगळंच काम करून दिलं. विश्वातल्या साध्या द्रव्याचा, म्हणजे ज्याचे आपण बनलो आहोत त्याचा, जवळजवळ निम्मा हिशेब बरीच वर्षं लागत नव्हता. ऑस्ट्रेलियातले जाँ-पिएर मॅकार्ट आणि सहकाऱ्यांनी स्फोटांतला तो मागेपुढेपणा मोजून दाखवलं, की ते हरवलेलं द्रव्य दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत विरळ पसरलेलं आहे. मे २०२० मध्ये त्यांचा निबंध आला, आणि दोनच आठवड्यांत मॅकार्ट वारले. काम मात्र मागे राहिलं.

पुढे २०२३ साली लॉरिमर, मॅक्लॉक्लिन आणि त्यांचे ऑस्ट्रेलियातले सहकारी मॅथ्यू बेल्स यांना शॉ पारितोषिक मिळालं. ज्या शोधावर कित्येकांचा विश्वास उडाला होता, त्याच शोधासाठी. आम्हाला मात्र हे सांगताना पाण्याचा मग घेऊन ओव्हनसमोर उभी असलेली माणसं आठवतात. निकाल आपल्या क्षेत्राच्या विरुद्ध गेला असता, लोक हसणार हेही दिसत होतं, तरी त्यांनी दार ओढून बघितलं.

येत्या २८ फेब्रुवारीला जमलं तर मुलांना घेऊन खोडदला जाऊन या. आणि आपल्या केंद्रावर बोलायला याल, तेव्हा मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवा. तशी पाटी आता आम्ही लावली आहे.